दिवसाचं घर, रात्रीचं घर: लालबागमधल्या एका पडण्याचा अभ्यास

रुग्ण ७६ वर्षांच्या आजी. राहायला लालबागला, चाळीच्या पुनर्विकासातून दीड वर्षापूर्वी मिळालेल्या वन-बीएचकेत, सतराव्या मजल्यावर. घरात मुलगा, सून आणि बारावीतला नातू. जुलैत एका पहाटे साडेतीनच्या सुमारास लघवीला उठल्या आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं. जवळच्या एका रुग्णालयात प्लास्टर झालं, दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, "आता जपा" असं सांगून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी सुनेने मला बोलावलं ते मनगटासाठी नव्हे. आजी आता दिवसासुद्धा दिवाणावरून उठायला तयार नव्हत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय १९५० साली कमला निंबकरांनी इथेच परळला, केईएम रुग्णालयात सुरू केलं. तरी लालबागमध्ये दार उघडल्यावर पहिला प्रश्न असतो, "फिजिओ का?" फरक थोडक्यात सांगायचा तर माणूस त्याच्या घरात, त्याच्या रोजच्या कामांत कुठे अडतो ते आम्ही बघतो. या प्रकरणात तेच कामाला आलं.

घरच्यांचं निदान

मुलाचं उत्तर तयार होतं: लादी. बिल्डरने घातलेली व्हिट्रिफाइड टाइल गुळगुळीत आहे, तिच्यावरून आई घसरली. त्याने त्याच आठवड्यात पाच पायपुसणी आणून टाकली होती. दिवाणापाशी एक, स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक, देव्हाऱ्यासमोर एक आणि बाथरूमबाहेर लागोपाठ दोन. शिवाय आईला ताकीद, "तू उठूच नकोस. काय लागेल ते हाक मार."

लादीवर माझा विश्वास बसेना. एक तर आजी बाथरूममध्ये पडल्याच नव्हत्या. त्या हॉलमधून आत वळतानाच्या कोरड्या जागेवर पडल्या. दुसरं, घसरलेलं माणूस बहुधा मागे, बसक्यावर आपटतं. पुढे तळहातावर येऊन मनगट मोडणारा पुष्कळदा कशाला तरी अडखळलेला असतो, नाहीतर त्याचा तोल आधीच गेलेला असतो. हा काही पक्का नियम नाही, पण चौकशी कुठल्या दिशेने करायची ते त्यातून कळतं. तिसरं, दीड वर्षात त्याच लादीवरून आजी हजारदा चालल्या असतील. मग त्याच पहाटे काय झालं?

आजींना विचारलं तर म्हणाल्या, "पाय सरकला, दुसरं काय." वयस्कर माणसं नेहमी हेच सांगतात, कारण हे सांगितलं की पुढचे प्रश्न थांबतात. जरा वेळाने चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच भर घातली, "डोळ्यापुढे अंधारी आली होती वाटतं. पण अंधारातच होते, तर कळणार कसं?"

पडल्यावर त्या चाळीसेक मिनिटं तिथेच पडून होत्या. हाक मारली नाही. पोराची झोपमोड नको. शेवटी हाताला लागलेलं पाण्याचं तांब्याचं भांडं लादीवर आपटलं, तेव्हा सून बाहेर आली.

रात्रीचं घर

मी दुपारी गेले होते. दुपारी हॉल स्वच्छ, मोकळा. दिवाण, टीव्ही, टीपॉय, दोन खुर्च्या. घर सुरक्षित आहे का ते तपासायच्या याद्या हातात घेऊन फिरलं असतं तर फारसं काही सापडलं नसतं. मी सुनेला म्हटलं, रात्री अंथरुणं पडल्यावर घर जसं असतं तसं आत्ता करून दाखवा. तिला ते विचित्र वाटलं, पण तिने केलं.

टीपॉय सरकून बाथरूमच्या वाटेच्या बाजूला गेला. त्या जागी नातवाची गादी पसरली, दिवाणाला अगदी लागून. गादीच्या उशाशी एक्स्टेन्शन बोर्ड आला, त्यातून लॅपटॉपची आणि मोबाइलची वायर. पावसाळा असल्यामुळे कपडे वाळत घालायचं घडीचं स्टँड पंख्याखाली उघडलं गेलं, त्याचे पाय वाटेत आले. दुपारी सरळ नऊ पावलांची असलेली वाट आता गादीला वळसा घालून, टीपॉय आणि स्टँड यांच्यामधून जात होती. आणि हे सगळं दिवा न लावता, कारण हॉलची ट्यूब लावली की नातू उठतो.

मुंबईतल्या बहुतेक घरांना दिवसाचा एक नकाशा असतो आणि रात्रीचा दुसरा. पाहुणे आले की तिसरा. पडण्याची चौकशी करताना, माणूस ज्या वेळी पडलं त्या वेळचं घर बघायला हवं. हे मला या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुठल्याही महागड्या उपकरणाने कळत नाही.

मग मी आजींना, कमरेला माझा हात देऊन, ती वाट चालायला लावली. तिसऱ्या पावलाला त्यांचा डावा हात आपोआप बाजूला गेला आणि हवेत राहिला. इथे काय होतं, असं विचारलं. त्या क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या. जुन्या खोलीत दिवाणावरून उठलं की डाव्या हाताला लोखंडी कपाट होतं. कित्येक वर्षं त्या कपाटाला धरून उठायच्या. रात्रीची लघवी खोलीतल्या मोरीतच व्हायची, चार पावलांवर. संडास गॅलरीच्या टोकाला होता, तिथे रात्री कोण जाणार. नवीन घरात बाथरूम आतच आलं, सगळ्यांना सोय झाली, पण आजींची रात्रीची वाट मात्र लांबली आणि तिच्यावर धरायला काही उरलं नाही.

पाय कुठे गेले

आजींचं आयुष्य पायांवर गेलेलं. १९८२ च्या संपाआधी त्यांच्याकडे गिरणी कामगारांची खाणावळ होती. पुढे गिरण्या बसल्या, माणसं गावी गेली, तरी त्या डबे करत राहिल्या. विळीवर खाली बसून भाजी, खाली बसून भाकऱ्या, दोन जिने दिवसातून चार-पाच वेळा, संडासाला उकिडवं बसणं. यातल्या प्रत्येक गोष्टीत मांड्यांचा व्यायाम होता आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. दीड वर्षापूर्वी लिफ्ट, कमोड, ओटा आणि दिवाण आला, आणि हे सगळं एकाच महिन्यात बंद झालं.

चाळीचं गुणगान मला करायचं नाही. तिथल्या जिन्यात दिवा नसायचा, मोरीत शेवाळं असायचं, आणि तिथेही म्हातारी माणसं पडून कायमची अंथरुणाला खिळलेली मी पाहिली आहेत. कमोड आजींच्या गुडघ्यांना बराच मानवला होता, तो काढा असं कोण म्हणेल? मुद्दा एवढाच की जुन्या घराने फुकट दिलेला व्यायाम नव्या घरात मुद्दाम करावा लागतो, आणि ही गोष्ट किल्ली देताना कोणी सांगत नाही.

मोजून पाहिलं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं: १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका मानतात. आजींना २१ लागले. हात छातीशी घडी घालून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं हे दुसरं मोजमाप. ७५ ते ७९ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी वेळा जमलं तर ते कमी समजतात. आजींना हात न लावता एकदाही उठता आलं नाही. एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला बोटं टेकवून, दहा सेकंद उभं राहायचं; तिथे तीन सेकंदांत त्यांनी माझा खांदा पकडला.

यात प्लास्टरच्या तीन आठवड्यांचाही वाटा होता. "उठूच नकोस" हा सल्ला प्रेमाचा, पण या वयात काही आठवडे पडून राहिलं तरी मांड्या झपाट्याने बारीक होतात. पाय कमजोर झाले की भीती वाढते, भीती वाढली की हालचाल आणखी कमी. आजी नेमक्या तिथे येऊन पोचल्या होत्या.

गोळ्यांचा डबा

डोळ्यापुढे अंधारी येते म्हणाल्या म्हणून रक्तदाब आधी आडवं झोपवून, मग उभं करून घेतला. पाच मिनिटं आडवं राहिल्यावर १३८/८०. उभं राहून एक मिनिट झाल्यावर ११०/७०, आणि त्यांनी ओटा धरला. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर हा उभं राहताना रक्तदाब पडण्याचा प्रकार समजतात. बसून घेतलेल्या रक्तदाबात तो दिसत नाही. आजींचा दर महिन्याला खालच्या दवाखान्यात बसूनच घेतला जात होता आणि "छान आहे" असं वहीत लिहिलं जात होतं.

मग गोळ्यांचा डबा उघडला. रक्तदाबाची एकत्रित गोळी, तिच्यात लघवी वाढवणारं औषध होतं, आणि आजी ती रात्री जेवल्यावर घ्यायच्या. कोणा नातेवाइकाने सांगितलं होतं, रक्तदाबाची गोळी रात्री चांगली. त्यामुळे रात्री तीनदा उठणं. त्या उठण्याला घाबरून संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद, म्हणजे अंगात पाणी कमी आणि रक्तदाब आणखी खाली. डब्यात खाली अल्प्राझोलामची पट्टी. सहा वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा झोपेसाठी काही दिवसांपुरती दिली होती. चिठ्ठीची झेरॉक्स दाखवून ती सुरूच राहिली. या गटातल्या गोळ्या वयस्कर माणसांत तोल बिघडवतात आणि पडण्याचा धोका वाढवतात, हे औषधशास्त्रात जुनं आणि पक्कं आहे.

गोळ्या बदलणं माझं काम नाही. मी त्यांच्या डॉक्टरांना दोन्ही रक्तदाबांचे आकडे आणि गोळ्यांच्या वेळा लिहून चिठ्ठी दिली. त्यांनी लघवीची तपासणी केली, जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली, एकत्रित गोळी बदलून हलकी केली आणि सकाळी दिली. झोपेची गोळी महिन्यांच्या हिशोबाने, थोडी थोडी कमी करायला घेतली. इथे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशी पट्टी असेल तर ती एका रात्रीत बंद करू नका. अचानक थांबवल्यास झोप पार उडते, घबराट होते, कधी झटकेही येतात.

हाडांचा प्रश्न त्याच चिठ्ठीत होता. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडतं तेव्हा हाड ठिसूळ झालंय का ते बघायलाच हवं, कारण पुढचं हाड खुब्याचं असू शकतं. प्लास्टर घालणाऱ्यांनी हा विषय काढलाच नव्हता, आणि असं फार ठिकाणी होतं. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१ आला. हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. आठवड्याला एक गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हा अर्धा तास आजी देव्हाऱ्यासमोर बसून काढतात.

काय बदललं

पहिल्यांदा काढून टाकलं, मग घातलं. पाचपैकी चार पायपुसणी गेली. त्यांच्या कडा वळलेल्या होत्या आणि पाय घासत चालणाऱ्या माणसाला तेवढी कड पुरते. बाथरूमबाहेर रबरी तळाचं एक ठेवलं. दिवाण हॉलमधल्याच दुसऱ्या भिंतीला लावला, म्हणजे नातवाची गादी आजींच्या वाटेत येणार नाही आणि उठल्यावर डाव्या हाताला भिंत लागेल. कपड्यांचं स्टँड स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेलं. कपडे तिथे नीट वाळत नाहीत, ही सुनेची तक्रार खरी आहे. पायाच्या उंचीवर दोन सेन्सरचे दिवे, हालचाल झाली की मंद लागणारे. नातू उठत नाही.

दिवाणावर नव्या घराच्या आनंदात जाड फोमची गादी घेतली होती. आजींची उंची चार फूट दहा इंच. बसल्यावर त्यांचे पाय लादीला टेकत नव्हते, त्या उठत नसत, घसरून उतरत. जुनी कापसाची गादी परत आली आणि पाय टेकले.

बाथरूममध्ये आजी टॉवेलच्या दांड्याला धरून उठायच्या. तो दांडा टॉवेल पेलण्यासाठी असतो, माणूस नव्हे. आधाराचा बार लावायला मुलगा कचरत होता, भोकं पाडली तर बिल्डरची वॉटरप्रूफिंगची हमी जाईल म्हणून. सोसायटीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने भिंत ठोकून हलक्या ब्लॉकची आहे हे ओळखलं, त्याला चालतील असे लांब फास्टनर वापरले, भोकांत सिलिकॉन भरलं. बार कुठे लावायचा हे पुस्तकातल्या उंचीवरून ठरवलं नाही. आजींना कमोडवर बसवलं, हात जिथे सहज गेला तिथे पेन्सिलची खूण केली. व्हॅक्यूमने चिकटणारे बार बाजारात मिळतात. ते सुटतात तेव्हा सांगून सुटत नाहीत.

आंघोळीचा हलका प्लास्टिकचा पाट जाऊन रबरी बुडांची खुर्ची आली. दाराची कडी आतून लावायची नाही असं ठरलं. दार आत उघडणारं आहे, आजी दारामागे पडल्या तर त्यांच्याच अंगाने ते अडेल. कडीऐवजी बाहेर खुंटीला लाल रुमाल. ही युक्ती सुनेची.

सून गाऊन आणून देत होती, कारण प्लास्टरच्या हाताने साडी नेसता येत नव्हती. गाऊन पायात येत होता. दोन इंच वर शिवून घेतला. माझ्या अंदाजाने त्या पहाटे पायाला लागलेली गोष्ट स्टँडचा पाय असावा. त्या दिवशी त्या साडीतच होत्या.

काही गोष्टी जमल्या नाहीत. रात्रीपुरती कमोडची खुर्ची दिवाणाजवळ ठेवावी असं मी सुचवलं. आजी ठाम: देव्हारा आहे त्या खोलीत नाही. मुलाने डायपरचं नाव काढलं, तेव्हा त्या दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. दोन्ही विषय मी पुन्हा काढले नाहीत. गोळीची वेळ बदलल्यावर रात्रीचं उठणं तीनवरून एकवर आलं, मग गरजही राहिली नाही. गळ्यात घालायच्या बिनतारी बेलचं बटण मात्र त्यांनी मान्य केलं, मंगळसूत्राच्या जागी लॉकेट समजून.

व्यायाम हा शब्द त्यांना पटत नव्हता. "जन्मभर केलाय मी." मग विचारलं, कुठे जायचंय तुम्हाला? उत्तर लगेच आलं. बाजारात, मासे स्वतः निवडायला. सुनेला खापरी पापलेट आणि साधं पापलेट यातला फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेच ध्येय धरलं. कुकर लावला की ओट्याला धरून टाचा वर-खाली, शिट्ट्या होईपर्यंत. जेवायच्या खुर्चीतून उठणं-बसणं, सुरुवातीला डाव्या हाताचा आधार घेऊन, मग एका बोटाचा. ओट्याच्या कडेने एका पावलापुढे दुसरं पाऊल. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात वयस्करांसाठी बसवलेला जो घरगुती कार्यक्रम आहे, त्याचाच हा लालबागी अवतार. आठवड्यातून तीनदा ताकदीचे व्यायाम आणि जोडीला चालणं, असा त्याचा मूळ साचा. नियमित केला तर पडणं साधारण एक तृतीयांशाने कमी होतं, असं त्यावरच्या चाचण्यांत दिसलं आहे. चालणं सतराव्या मजल्याच्या लॉबीत. गणपतीत लालबागचे रस्ते गर्दीने भरतात तेव्हा तर लॉबीशिवाय इलाजच नव्हता.

प्लास्टर निघाल्यावर, हातात जोर आला तसं, पडल्यावर उठायचं कसं तेही शिकवलं. खाली गादी टाकून. आधी न उठता अंग चाचपायचं. खुब्यात कळ असेल किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हलायचंच नाही, १०८ ला फोन. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालय. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, चांगल्या पायावर जोर देऊन उठायचं. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त. तरीही पडल्यानंतरचा पहिला तास कसा काढायचा हे कोणी शिकवत नाही. मुलगा ते बघायला थांबला नाही. "आई परत पडणारच नाही," म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये

उठून चालून परत बसायला १४ सेकंद. म्हणजे धोका अजून आहे, पण २१ वरून आलेले १४. हात न लावता तीस सेकंदांत ७ वेळा उठल्या. उभं राहिल्यावर रक्तदाब १२ ने उतरतो, अंधारी येत नाही. एकदा सप्टेंबरात लिफ्टसमोरच्या ओल्या ग्रॅनाइटवर पाय सरकला, पण भिंत हाताशी होती. सोसायटीने तिथे छत्र्यांसाठी बादली ठेवली, ती शेजाऱ्यांनी आठवडाभरात आपल्या दारात नेली.

बाजारात आजी आठवड्यातून एकदा जातात, शेजारणीबरोबर, सकाळी उन्हं वर यायच्या आत. पिशवी शेजारीण धरते. एकटीने जायची घाई आजींना आहे, मला नाही, कारण डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा आहे आणि फुटपाथची कड त्यांना नीट दिसत नाही. शस्त्रक्रियेची तारीख जानेवारीत घेतली आहे. झोपेची गोळी पाववर आली आहे. चार रात्रींत एखादी वाईट जाते, तेव्हा त्या उठून न फिरता दिवाणावर बसून जप करतात असं सांगतात. सून म्हणते, फिरतात.

दिवाळीत नणंद सहकुटुंब आली होती. हॉलमध्ये चार गाद्या पडल्या आणि वाट पुन्हा बंद झाली. त्या रात्री सुनेने आजींना आतल्या खोलीत, बाथरूमच्या दाराजवळ झोपवलं आणि ती आणि मुलगा हॉलमध्ये झोपले. हे तिने कोणाला न विचारता केलं. टीपॉय काढून टाकायचं ऑगस्टमध्ये ठरलं होतं. तो अजून तिथेच आहे. नातवाची पुस्तकं त्याच्यावर असतात आणि परीक्षा फेब्रुवारीत आहे.